खोलीतला खर्ज आणि गाण्यातला खर्ज

मी घरच्या खोलीत गाण्यांचे मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज तोलून एकत्र करतो. माझ्या खोलीतल्या स्पीकरवर भरदार आणि तोलात वाटणारे गाणे गाडीत लावले, की त्याचा खर्ज (खालच्या पट्टीतला जाड आवाज, म्हणजे बेस) इतका घुमायचा की गायनातले शब्दही नीट कळायचे नाहीत. सुरुवातीची दोन वर्षे मी या दोषाचे मूळ प्लगइनमध्ये (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) शोधत राहिलो आणि आवाजाचे चढउतार कमी करणारे कॉम्प्रेसर एकामागून एक बदलत गेलो. दोष प्रत्यक्षात मी जिथे बसत होतो त्या जागेत होता.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. त्यामुळे साडेतीन मीटरांच्या आसपास लांबी असलेल्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० कंपनांची) स्थिर लहर, म्हणजे जागच्या जागी उभी राहणारी लहर, तयार होते, आणि त्या लहरीचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. माझी खुर्ची नेमकी तिथेच होती. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) पाया याच पट्ट्यात असल्याने तो मला ऐकूच येत नसे. मी तो वाढवत जाई, आणि गाणे खोलीबाहेर पडले की ती सगळी वाढ उघडी पडे.

खुर्ची पुढच्या भिंतीपासून लांबीच्या सुमारे ३८ टक्के अंतरावर सरकवली, तेव्हा कोणताही खर्च न करता निम्मे काम झाले. ही जागा सुरुवातीपुरतीच धरावी आणि तिथून थोडे मागेपुढे सरकून ऐकावे. भिंतीवर चिकटवायच्या पातळ फोमकडून मात्र खर्जाची अपेक्षा ठेवू नये, कारण ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते आणि पाच सेंटीमीटरचा फोम तिला अडवू शकत नाही. तिच्यासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे (दगडापासून बनवलेल्या तंतूंच्या लोकरीचे) जाड थर लागतात. मिक्सिंगच्या कोणत्याही सॉफ्टवेअरआधी पैसे इथे घालावेत, असे माझे ठाम मत आहे.

खोलीनंतर प्रश्न येतो कानाचा. हळू आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते, म्हणून मी आता नेहमी बोलण्याच्या आवाजाइतक्या एकाच ठरलेल्या पातळीवर मिक्स करतो. तुलनेसाठी निवडलेले व्यावसायिक गाणेही आधी माझ्या मिक्सच्या पातळीपर्यंत खाली आणतो, कारण दोहोंपैकी जे किंचित मोठे वाजते तेच आपल्याला चांगले वाटते. इफेक्ट लावण्याआधीचा आणि नंतरचा आवाज असा समपातळीवर ऐकू लागल्यापासून माझ्या प्रकल्पांतले कितीतरी प्लगइन आपोआप गळून पडले. लिमिटरने (आवाजाची शिखरे कापणाऱ्या साधनाने) गाणे दाबून मोठे करण्याचा हव्यासही सुटला, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा मूळ सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापावर) आणून वाजवतात, आणि दाबलेले गाणे तिथे मोठे न वाजता केवळ सपाट वाजते.