विमान घिरट्या का घालतं, तुम्ही विचारलंत म्हणून

मी पायलट आहे हे कळलं की लग्नाच्या पंगतीत काय, सोसायटीच्या लिफ्टमध्ये काय, एक प्रश्न ठरलेला. मुंबईला उतरायच्या आधी विमान अर्धा तास गोल गोल फिरत होतं, पायलटला रस्ता सापडत नव्हता का?

अहो रस्ता सापडलेला असतो, खाली जागा नसते. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो, त्यात पावसाळा असला की विमानांमधलं अंतर वाढवावं लागतं आणि मग रांग लागते. ही रांग उभी असते बरं का, आकाशातल्या एकाच ठरलेल्या पॉइंटवर एकावर एक, मध्ये 1000 फूट. सगळ्यात खालचं अप्रोचला, म्हणजे रनवेकडे उतरायला, गेलं की वरची सगळी एकेक मजला खाली येतात.

तुम्हाला गोल वाटतं ते खरं तर लांबट आहे. 14,000 फुटांपर्यंत पॉइंटकडे येणारी बाजू 1 मिनिटाची, त्याच्यावर दीड मिनिट, आणि वळणं एरवी उजवीकडे. बिनवाऱ्याची एक फेरी साधारण 4 मिनिटांची. पण वारा नसतो असं कधी होतं का! ट्रेनिंगला सिम्युलेटरवर माझी येणारी बाजू 40 सेकंदांतच संपली, म्हणजे मागून वारा, मग पुढच्या फेरीत जाणारी बाजू लांबवायची, ढगात बाहेर काहीच दिसत नसताना हे सगळं घड्याळ आणि काट्यांवर.

त्याच दिवशी सरांनी माझ्या मांडीवरच्या पॅडवर पेन्सिल टेकवली. पॉइंट लिहिला होता, इनबाउंड ट्रॅक (पॉइंटकडे यायची दिशा), वळणाची दिशा, उंची, सगळं होतं. "वेळ कुठाय?" वेळ म्हणजे एक्सपेक्टेड अप्रोच टाइम, अप्रोच कधी मिळेल तो अंदाज. एटीसीने, म्हणजे खालच्या कंट्रोलरने, दिली नाही तर मागून घ्यायची, कारण रेडिओ बंद पडला तर त्याच वेळेला पॉइंटवरून खाली यायला सुरुवात करायची असते, आणि दुसरं म्हणजे तोपर्यंत थांबून वर दुसऱ्या एअरपोर्टला जायला इंधन उरतंय का हे त्याशिवाय कळणारच नाही.

25 जानेवारी 1990 ला न्यूयॉर्कजवळ एव्हियांका 52 हे विमान तीन ठिकाणी मिळून 1 तास 17 मिनिटं होल्डमध्ये, म्हणजे अशाच घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं तरी क्रू "प्रायॉरिटी" म्हणाला, इमर्जन्सी हा शब्द कंट्रोलरपर्यंत पोचलाच नाही, शेवटी चारही इंजिनं बंद पडली आणि 73 माणसं गेली. मला हे आजही वाचवत नाही. आता शब्द ठरलेले आहेत, आधी "मिनिमम फ्युएल", म्हणजे आता आणखी उशीर परवडणार नाही, आणि त्याच्या पुढे गेलं तर सरळ "मेडे फ्युएल", म्हणजे इंधनाची इमर्जन्सी, यात भीड ठेवायचीच नाही.

तर कॅप्टन आणखी 20 मिनिटं म्हणतो ना, तो आकडा त्या पॅडवरच्या वेळेवरून आलेला असतो, आणि ती वेळ पुढे ढकलली गेली की पुढे अहमदाबादला जायचं की गोव्याला याचा हिशोब कॉकपिटमध्ये चालूच असतो.