डबा परत येतो का?

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी साताऱ्यात खोली घेऊन राहायचो आणि माझं जेवण रोज सकाळी गावाहून एसटीने यायचं. कापडी पिशवी, तिच्यावर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आडनाव, आत तीन कप्प्यांचा डबा. स्टँडवर आम्ही दहा-बारा पोरं ताटकळत असायचो. गाडी फाटकातून वळताना दिसली की कुणीतरी ओरडायचं, "आली रे!" आणि आम्ही सगळे असे धावायचो की जणू गाडीतून राज्यपाल उतरणार आहेत. संध्याकाळी डबा घासून त्याच गाडीने परत पाठवायचा, कारण घरात तसे डबे दोनच होते. एकदा मी झोपून राहिलो. डबा शेवटच्या गावापर्यंत जाऊन संध्याकाळी परत आला आणि आमटी आंबून गेली. चूक माझीच, त्यामुळे ती मी मुकाट्याने ओतून टाकली.

हे आठवायचं कारण म्हणजे बरीच वर्षं मला मालवाहू रॉकेटं उडताना बघायचा नाद आहे. माणसं नेणारी सगळेच बघतात. मी बघतो ती अंतराळस्थानकावर सामान पोचवणारी, आणि तीसुद्धा खाजगी कंपन्यांची. मंगळावर वस्ती करायच्या गप्पा सुरू झाल्या की मी आवाज बंद करतो. मला फक्त सामानाची यादी हवी असते.

कारण याद्या झकास असतात. डिसेंबर २०१० मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन यान पहिल्यांदा पृथ्वीला फेऱ्या मारून परत आलं, तेव्हा आत काय ठेवलंय हे कंपनीने उतरेपर्यंत सांगितलं नव्हतं. निघालं चीजचं एक अख्खं चाक! मे २०१२ मध्ये ड्रॅगन थेट स्थानकापर्यंत गेलं. स्थानकाला सामान पोचवणारं ते पहिलं खाजगी यान. पहिल्या दिवशी इंजिनं पेटली आणि उडायच्या अर्धा सेकंद आधी संगणकाने सगळं बंद केलं. एका इंजिनातला दाब वाढला होता. मग ऑक्टोबरात पहिली कंत्राटी खेप गेली, तिच्यात आइस्क्रीम होतं. खाली येताना रक्ता-लघवीचे गोठवलेले नमुने आणायला शीतपेटी पाठवायचीच होती, मग जाताना ती रिकामी कशाला न्यायची?

हे मी आईला सांगितलं. तिला रॉकेटचं काडीचंही कौतुक नाही, पण हे लगेच पटलं. "बरोबर आहे, भांडं रिकामं पाठवू नये," म्हणाली. मग विचारलं, "आणि डबा परत येतो का?"

ड्रॅगन येतं, मी म्हणालो. छत्र्या उघडून समुद्रात उतरतं, बोट जाऊन उचलून आणते. अमेरिकेतल्याच दुसऱ्या कंपनीचं सिग्नस यान मात्र येत नाही. वर सामान उतरवलं की त्यात कचरा भरतात आणि वातावरणात शिरताना ते कचऱ्यासकट जळून जातं.

"चांगलं भांडं जाळतात?"

मी खर्चाचं गणित सांगून पाहिलं. उष्णता झेलणारं कवच लागत नाही, यान हलकं होतं, सामान जास्त जातं. उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी यानांच्या दोन जाती आहेत, येणारी आणि जळणारी.

सुटायची वेळ हाही एक प्रकार आहे. स्थानक ४०० किलोमीटरवरून दर दीड तासाला पृथ्वीला एक चक्कर मारतं, आणि त्याची कक्षा तळाच्या डोक्यावर आली की ड्रॅगनला नेणाऱ्या फाल्कन रॉकेटला नेमक्या त्याच क्षणी सुटावं लागतं. तो क्षण हुकला की थेट दुसऱ्या दिवसाची गाडी. त्यात नाना विघ्नं. ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सला अँटारेस रॉकेट उडणार, तर समुद्रातल्या बंदी घातलेल्या पट्ट्यात एक शिडाची होडी शिरलेली. उड्डाण रद्द. होडीवाल्याचं नशीब थोर म्हणायचं, कारण दुसऱ्या दिवशी ते रॉकेट उडालं आणि काही सेकंदांत स्फोट होऊन तळाशेजारीच कोसळलं. त्याची इंजिनं सोव्हिएत रशियाच्या चांद्र रॉकेटासाठी चाळीसेक वर्षांपूर्वी बनलेली, नंतर डागडुजी केलेली. सिग्नस त्याच्याबरोबरच गेलं.

पुढच्या एप्रिलमध्ये रशियाचं मालवाहू यान प्रोग्रेस भरकटलं. आणि २८ जून २०१५ ला, रविवारी, आपल्या संध्याकाळी आठच्या आत, ड्रॅगन निघालं. मी आईला हाताला धरून आणून बसवलं होतं. दोन मिनिटं सगळं छान. निवेदक नेहमीच्या सुरात बोलत होता. १३९ व्या सेकंदाला रॉकेटच्या जागी पांढरा ढग झाला आणि त्यातून बारीक तुकडे गळायला लागले. निवेदक आणखी थोडं बोलला, मग गप्प झाला.

"माणसं होती?"

"नाही. सामान."

"मग वरच्यांच्या जेवणाचं काय?"

वर काही महिन्यांचा साठा असतो आणि पुढच्याच आठवड्यात रशियाचं यान सुखरूप पोचलं, पण त्या रात्री आईला चैन नव्हतं. माझी हळहळ वेगळीच. पुढे कळलं ते असं: टाकीतली हेलियमची बाटली धरून ठेवणारी, हातभरापेक्षा थोडी लांब सळई तुटली होती. आणि ड्रॅगन त्या स्फोटातून शाबूत सुटलं होतं! समुद्रावर आदळेपर्यंत त्याच्याकडे छत्र्या होत्या, पण अशा वेळी त्या उघडायच्या हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. नंतरच्या यानांना ते शिकवलं. घट्ट झाकणाचा डबा, आणि खाली धरायला कुणी नाही.

पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये अशाच एका मालाच्या खेपेला फाल्कनचा खालचा टप्पा पहिल्यांदा समुद्रातल्या तराफ्यावर उभा उतरला. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कचेरीत काचेपलीकडे कर्मचाऱ्यांची ही गर्दी, आणि रॉकेटचे पाय टेकताच जो आरडाओरडा झाला तो मला नवा नव्हता. तो साताऱ्याच्या स्टँडवरचा होता.

एकदाच आईने जळणाऱ्या यानाला नमस्कार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये सिग्नसला कल्पना चावलाचं नाव दिलं होतं. आदल्या दिवशी तीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना उड्डाण थांबलं होतं. शनिवारी आपल्याकडे सकाळी पावणेसातला ते सुटलं. दूध नुकतंच आलं होतं, आई पातेलं धुवत होती. आत काय आहे? नवं टायटॅनियमचं शौचालय, मुळ्याचं बी. ती हसली. मग नाव सांगितलं. कल्पनाचं कोलंबिया यान परतताना जळालं तो २००३ चा शनिवार तिला लख्ख आठवत होता. "आणि हेही जळणारच?" मी हो म्हणालो. कंपनी आपल्या यानांना अशी थोरामोठ्यांची नावं देते, त्यामागे मानच आहे, पण तेवढं सांगायला माझी जीभ रेटेना. जानेवारीत ते वातावरणात शिरून संपलं, ते मी तिला सांगितलंच नाही.

२०२५ च्या जूनमध्ये आपले शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिऑम या खाजगी कंपनीच्या मोहिमेवर स्थानकात गेले. तारीख इतकेदा पुढे ढकलली की आई मोजायचं थांबली. ते गाजराचा आणि मुगाचा हलवा घेऊन गेले, शिवाय आमरस. आमरस हापूसचा की लखनौकडच्या दशहरीचा, यावर आमच्याकडे एक संध्याकाळ गेली.

आता मालाचं रॉकेट असलं की मी आतल्या खोलीत हाक मारतो. आई स्वयंपाकघरातूनच विचारते, "येणारं की जळणारं?" येणारं असेल तर हात पुसत बाहेर येते. जळणारं असेल तर म्हणते, पोचलं की सांग.