टाचेवर वळायचं की तळव्यावर?

हाँगकाँगच्या दमट उन्हात पळायला जाणं मला जमत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी कौलूनमधल्या एका जुन्या इमारतीत विंग चुन, म्हणजे कुंग फूचा एक प्रकार, शिकायला जाऊ लागलो. खाली भाजलेली बदकं टांगलेलं दुकान, चौथ्या मजल्यावर आम्ही दहा-बारा जण. गुडघे आत वळवून उभं राहायचं आणि एक हात मुंगीच्या पावलानं पुढे सरकवायचा. हा पहिला फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, 'सिउ निम ताउ'. कराटेवाले ज्याला काता म्हणतात तसाच, फक्त यात पाय जागचे हलत नाहीत. सहा महिने एवढंच. घरी आईला व्हिडिओ पाठवला, तर ती म्हणाली, "मारामारी कधी सुरू होते?"

मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याबरोबर त्याच्या वर्गात पाहुणा म्हणून गेलो. मी वळलो आणि तिथल्या सिहिंगनं, म्हणजे थोरल्या गुरुबंधूनं, लगेच थांबवलं. आम्ही टाचेवर वळतो, ते तळव्याच्या मध्यावर. आमचं वजन मागच्या पायावर, त्यांचं दोन्ही पायांवर निम्मं निम्मं. वादच घातला असता, पण भिंतीवर फोटो तोच दिसला जो आमच्याकडे आहे. इप मान.

गुरू एक, मग हे कसं?

इप मान मूळचे चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातल्या फोशानचे. १९४९ मध्ये हाँगकाँगला आले तेव्हा वय ५६, हाती पैसा नाही. १९५० मध्ये शाम शुई पो भागातल्या दाई नाम स्ट्रीटवर, हॉटेल कामगारांच्या संघटनेत त्यांनी शिकवायला सुरुवात केली. शिकणारे वेटर आणि आचारी. कुणी टिकलं, कुणी नोकरी बदलली की गायब. ब्रूस लीसुद्धा १९५९ मध्ये अमेरिकेला गेला तो सगळं पुरं न शिकताच. जो ज्या वर्षी, ज्या टप्प्यावर निघाला, त्यानं तेवढंच पुढे नेलं. शिवाय जो तो आपल्या प्रकृतीप्रमाणे. वाँग शुन लेउंग गच्चीवरच्या लढतींत उतरायचे, त्यांच्याकडे प्रत्येक हालचालीला प्रश्न एकच: समोरच्याला मार लागेल का? चू शाँग तिन पहिल्या फॉर्ममध्येच मुरले, शरीर सैल सोडण्यावर त्यांचा सगळा भर. दोघंही इप मान यांचे खरे शिष्य.

मला सगळ्यात आवडलेलं कारण मात्र माणसाचं नाही, इमारतीचं आहे. सरावासाठी एक लाकडी खांब असतो, तीन हात आणि एक पाय असलेला. फोशानला तो आपल्या मल्लखांबासारखा जमिनीत पुरलेला असे. हाँगकाँगच्या फ्लॅटमध्ये पुरणार कुठे? मग तो आडव्या लाकडी पट्ट्यांवर भिंतीला बसवला. पट्ट्या लवचिक, त्यामुळे खांब धक्क्यासरशी मागे जाऊन परत येतो. पुरलेला खांब असं कुठे करतो! या खांबावरच्या हालचाली कुठे १०८ मोजतात, कुठे ११६. जपमाळेचे मणी मोजत वाढलेल्या मला १०८ चा मोह लगेच कळला.

नावातही गंमत आहे. 'निम' म्हणजे विचार, 'सिउ निम ताउ' म्हणजे साधारण 'छोटासा विचार'. ग्वांगडाँगमधल्या दुसऱ्या काही परंपरा तिथे 'लिन' लिहितात, म्हणजे सराव. हाँगकाँगच्या रोजच्या बोलण्यात शब्दारंभीचा 'न' सर्रास 'ल' होतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते आणखीच जवळचं वाटतं. तोंडी शिकलेल्या गोष्टीचं असंच होतं. आमच्या घरी गणपतीत आरतीच्या एका शब्दावरून दोन काका दर वर्षी एकमेकांपेक्षा मोठ्यानं ओरडतात. तो शब्द कोणता, हे सांगायला नको.

१९७२ मध्ये, मृत्यूच्या थोडंसं आधी, आजारी इप मान यांनी पहिले दोन फॉर्म आणि खांबावरचा फॉर्म कॅमेऱ्यासमोर करून दाखवले. तिसरा, 'बिउ जी', त्यात नाहीच. आणि जे आहे त्यावरही वाद सुटत नाहीत, कारण त्यात दिसणारा माणूस दुखण्यानं थकलेला आहे. त्याचा हात तिथे थांबला तो शिकवण म्हणून, की दम लागला म्हणून?

परवा आमच्या सिफूंना, म्हणजे गुरूंना, टाचेचं विचारलं. ते हसले, हात पुढे केला आणि म्हणाले, "ढकल." मी ढकललं, ते वळले, मी भिंतीवर. टाच की तळवा, ते बघायचं राहून गेलं.

या वर्षी त्यांचा उजवा गुडघा दुखतोय, म्हणून ते पूर्वीपेक्षा थोडं उंच उभे राहतात. जानेवारीत आलेली चार नवी मुलं त्यांच्याकडे बघून तितकीच उंच उभी राहतात. मी खाली वाकून उभा असतो. काल त्यातल्या एकानं मला नम्रपणे सांगितलं, "सिहिंग, तुमचं जरा चुकतंय."