गोकर्णाचं बी आणि नेलकटर

झेंडूचं सुकलेलं फूल कुस्करून मातीत टाकलं, तरी आठवड्याच्या आत रोपं डोकं वर काढतात. झेंडूनं असा लाडावून ठेवलेला नवशिका मग गोकर्ण, सदाफुली, अबोली अशा वर्षानुवर्षं टिकणाऱ्या फुलझाडांकडे वळतो. दहा दिवस कुंडीत डोकावतो आणि बी देणाऱ्याला नावं ठेवत कुंडी रिकामी करतो. बी बहुधा ठणठणीत असतं. त्याची एखादी अट असते आणि ती पुरी झालेली नसते, इतकंच.

अट म्हणजे काय, ते गोकर्णात स्वच्छ दिसतं. शेंग तपकिरी, कडक झाली की तडकून पिळवटते आणि बी भलतीकडे उडतं, म्हणून ती तडकायच्या आधी काढावी. आतल्या काळपट बिया रात्रभर भिजत घातल्या, तर सकाळी काही टम्म फुगलेल्या आणि काही जशाच्या तशा कडक. शेंगवर्गातल्या पुष्कळ बियांसारखं हिचंही कवच पाणी आत शिरू देत नाही. न फुगलेल्या बियांसाठी नेलकटर घ्यायचा. बी शेंगेला जिथे चिकटलेलं होतं, तिथे एक बारीकसा डोळा दिसतो. त्याच्या विरुद्ध बाजूला कवचाचा इवलासा टवका उडवायचा, आतला फिकट भाग दिसला की थांबायचं. डोळ्याजवळ कापलं तर कोंबच दुखावतो. कापायला हात धजत नसेल, तर पॉलिशपेपरवर चारपाचदा घासलं तरी चालतं. परत पाण्यात टाका. सकाळी ढिम्म असलेलं बी संध्याकाळपर्यंत चांगलं गुबगुबीत झालेलं असतं. फुगल्यावर मात्र ते पाण्यात राहू देऊ नये, कुजतं. बोटाचं अर्धं पेर खोल, शक्यतो कायमच्या कुंडीतच लावावं. याचं सोटमूळ हलवाहलवीला कुरकुरतं. आठ-दहा दिवसांत कोंब, आणि हवा उबदार असेल तर दोन-अडीच महिन्यांत पहिलं निळं फूल. एवढ्यात कौतुकानं युरिया देऊ नये. मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू नत्राची सोय करतच असतात. वरून आणखी दिलं, की वेल नुसता पानांनी माजतो.

सदाफुलीला कापाकापी नको, पण अंधार हवा. जोडीनं येणाऱ्या तिच्या बारीक शेंगा पिवळ्या पडू लागल्या की कागदाच्या पाकिटात काढून ठेवायच्या. बी मोहरीपेक्षाही लहान. एवढंसं बी नुसतं वर भुरभुरवावं असं वाटतं आणि तिथेच चुकतं. त्यावर पेरणीच्या मिश्रणाचा (ते कसं करायचं ते पुढे) दोन-तीन मिलिमीटर थर हवा, वर वर्तमानपत्राची घडी. पंचवीस अंशांच्या आसपास उबारा असला तर आठवडा ते पंधरा दिवसांत उगवतं. पुण्या-नाशकाच्या डिसेंबरात पेरून वाट पाहण्यात अर्थ नाही, फेब्रुवारीअखेर बरी. पहिला हिरवा ठिपका दिसला रे दिसला की कागद काढायचा. एक दिवस आळस केला, तरी रोपं पांढरी, लांबुडकी होऊन आडवी पडतात.

मिश्रणाचं फार स्तोम माजवायची गरज नाही. दोन वाट्या कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक वाटी चाळलेलं गांडूळखत, एक वाटी जाडसर वाळू. कोकोपीट भिजवून त्याचं पहिलं तांबूस पाणी फेकून द्यावं, त्यात खार असतो. शेतातली काळी माती पेरणीला घेऊ नये. ती ओली असताना चिकट आणि सुकली की विटेसारखी, कोवळं मूळ दोन्हीकडून गुदमरतं. चहाचे कागदी कप चालतात, फक्त बुडाला तीन-चार भोकं पाडा. आणि कपावर बियाचं नाव व तारीख लिहा. सगळे कोंब लहानपणी सारखेच दिसतात, शिवाय तारीख नसली की आपल्याला पाचवा दिवस विसाव्यासारखा वाटतो.

खरी पडझड उगवल्यानंतर होते. संध्याकाळी ताठ असलेली रोपं सकाळी मातीलगत कंबरेत मोडून पडलेली असतात. देठ तिथे बारीक, काळपट, दोऱ्याएवढा झालेला. ही रोपमर. बुरशीचं काम, आणि तिला आमंत्रण आपल्या झारीचं. रोपं मान टाकताना दिसली की माणूस घाबरून आणखी पाणी घालतो आणि उरलेलीही घालवतो. वरचा थर सुकू द्यायचा, मगच कप ताटलीतल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून खालून पाणी पाजायचं. कृषी केंद्रात ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला आवरणारी मित्रबुरशी मिळते, ती किलोभर मिश्रणात चमचाभर आधीच मिसळलेली बरी. रोपं पडू लागल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. सदाफुलीचं हे पाण्याशी असलेलं वैर मोठेपणीही सुटत नाही. भर जुलैत कुंडी ओलीचिंब असूनही झाड मलूल दिसलं, तर ते तहानेनं नव्हे. कुंडी उचलून पागोळीबाहेर, कोरड्यात ठेवा.

उगवताना दिसणारी पहिली जोडी बीजदलांची, ती मोजायची नाही. त्यानंतरच्या खऱ्या पानांच्या दोन-तीन जोड्या आल्या की सदाफुलीचं रोप कुंडीत हलवायचं, तेही संध्याकाळी, आणि पहिला आठवडा कोवळ्या उन्हात. पुढे शेंडा खुडायला बहुतेकांचा हात धजावत नाही. खुडावा. न खुडलेली सदाफुली एकाच काडीवर चढत जाते.

रंगीत चित्राच्या पाकिटांना भुलून डेल्फिनियम किंवा ल्युपिन आणणाऱ्यांना एकच सांगणं: ही थंड उन्हाळ्याच्या मुलखातली झाडं. फ्रीजमध्ये ठेवून त्यांचं बी उगवेलही, पण आपला एप्रिल ते कुठून काढणार?

त्यापेक्षा अबोली. हिची अट निव्वळ धीराची. कणसातली बोंडं वाळली की पाणी लागताच तडकन फुटतात, त्यामुळे बी धरायचं तर झारी फिरवायच्या आधी, कोरडं कणीस पाकिटात उतरवावं. बी चपटं, खवल्याखवल्यांचं. पातळ थराखाली, अर्ध्या सावलीत, जेमतेम ओलाव्यात पेरा. काही तीन आठवड्यांत उगवेल, काही दीड महिन्यानं. ट्रेमध्ये दोनच रोपं आली म्हणून बाकीची माती लगेच ओतून देऊ नका. पेरल्यापासून वळेसर ओवण्याइतकी फुलं यायला सहा-आठ महिने धरून चाला. गडद केशरी ‘दिल्ली’ अबोली घरात असेल, तर तिच्या कणसांत मात्र बी शोधत बसू नका. ती त्रिगुणित जात आहे, म्हणजे तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे ती बी धरतच नाही. पावसाळ्यात तिची फांदी लावायची.