टू-स्ट्रोकचं माहेर

कार्लोव्ही व्हारी सोडून उत्तरेला निघालं की याखिमोव्हपासून खरा चढ लागतो. हे जुनं खाणींचं गाव. मारी क्युरींनी ज्या खनिजातून रेडियम शोधलं, ते इथलंच. मी तिथे थांबलो नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सुरेख ओढत होती, आणि टू-स्ट्रोक इंजिनाला एकदा लय सापडली की ती मोडवत नाही. वर बोझी दारला चेक हद्द संपते. पलीकडे जर्मनीतलं ओबरवीझेनटाल आणि डोक्यावर 1215 मीटर उंचीचा फिश्टेलबेर्ग. याच डोंगरात चोपाउ नदी उगम पावते. तिच्या काठाकाठाने खाली उतरत तिच्याच नावाच्या गावी पोचायचं, एवढंच म्युनिकहून निघताना ठरवलं होतं.

माझी गाडी एमझेड ईटीझेड 250. पूर्व जर्मनीच्या काळात चोपाउमध्येच बनलेली, एका सिलिंडरची, 21 अश्वशक्तीची. ऑटोबानने गेलो असतो तर हा प्रवास अर्ध्या वेळात झाला असता. पण ही गाडी ट्रकांच्या रांगेत पळवायची नाही. हिला वळणं हवीत, चढ हवेत, आणि दर थांब्यावर चालवणाऱ्याचं लक्ष हवं. टाकीत आधी ऑइल, मग पेट्रोल, प्रमाण पन्नासाला एक. पंपावर मापाचं भांडं बाहेर काढलं की आजूबाजूचे लोक वळून बघतात आणि बरेचजण हसतात. त्यांच्याही घरात कधीतरी अशी गाडी होती, हे त्या हसण्यावरून कळतं.

उतारावर वेगळीच काळजी. पेट्रोलबरोबरच ऑइल इंजिनात जातं, म्हणजे ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये गाडी लांबवर उतरू दिली, तर पिस्टनला ऑइल मिळत नाही आणि इंजिन मात्र फिरत राहतं. म्हणून मधूनमधून मूठ थोडी उघडायची किंवा क्लच दाबून इंजिन मोकळं सोडायचं. खंबाटकी उतरताना येझदीवर माझे मामा नेमकं हेच करायचे. मागे बसून मला वाटायचं, मामांची ती लकब आहे. ओबरवीझेनटालच्या उतारावर माझी मूठ आपोआप तशीच उघडमीट करत होती.

येझदीचा धागा तर इथे थेट पोचतो. चोपाउपासून जवळच केमनिट्स आहे. तिथल्या वांडरर कंपनीकडून 1929 मध्ये फ्रांतिशेक यानेचेक यांनी मोटरसायकलचे हक्क घेतले आणि दोन्ही नावं जोडून प्रागमध्ये जावा सुरू केली. तीच जावा पुढे म्हैसूरला आली, आणि आयडियल जावाच्या कारखान्यातून 1973 पासून येझदी या नावाने रस्त्यावर उतरली.

वोल्केनश्टाइन, शार्फेनश्टाइन अशी एकेक गावं मागे टाकत दुपारी चोपाउला पोचलो. दरीत नदी, वर विल्डेक किल्ला, त्याचा जाडजूड गोल बुरूज, आणि खाली जुन्या कारखान्याच्या लांबच लांब इमारती. योर्गेन रास्मुसेन हा डॅनिश उद्योजक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आला. त्याची डीकेडब्ल्यू 1920 च्या दशकाच्या अखेरीस जगातली सगळ्यात मोठी मोटरसायकल कंपनी झाली होती. इतक्या लहान गावातून!

किल्ल्यात मोटरसायकलींचं प्रदर्शन आहे. मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो आरटी 125 समोर. डीकेडब्ल्यूच्या हेर्मान वेबर यांनी महायुद्धाच्या तोंडावर आखलेली ही साधी, हलकी, सव्वाशे सीसीची गाडी. युद्ध हरल्यावर जर्मनीचा हा आराखडा जगाला मोकळा झाला. इंग्लंडमध्ये त्याची बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेने त्यावरून छोटी गाडी काढली, रशियात मॉस्क्वा निघाली. आणि जपानमध्ये 1955 साली वायए-1 तयार झाली. ती यामाहाची पहिलीवहिली मोटरसायकल. आपल्या गल्लीत ज्या आरएक्स 100 चं फायरिंग ऐकून कोण आलं ते न बघता ओळखायचो, तिची वंशावळ मागे मागे नेली तर या दरीत येऊन थांबते.

बाहेर आलो तर एक आजोबा माझ्या गाडीपाशी वाकून कार्ब्युरेटर बघत होते. त्यांचा पहिला प्रश्न: "ऑइल किती घालता?" मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हिला पुरतं. आमच्या जुन्या गाड्यांना तेहेतीसला एक लागायचं." मग त्यांनी मला किक मारायला लावली, क्षणभर कान देऊन ऐकलं, आणि हाताने कारखान्याची दिशा दाखवली. माझं जर्मन बेताचं, त्यांची बोली डोंगराकडची. तरी 'काडेन' हे नाव स्पष्ट ऐकू आलं.

वाल्टर काडेन. टू-स्ट्रोकवर जीव असलेल्या प्रत्येकाला हे नाव तोंडपाठ असायला हवं असं मला वाटतं. याच डोंगरातल्या पोबरशाउचा जन्म, 1919 चा. युद्धानंतर डीकेडब्ल्यूच्या इथल्या कारखान्याचं एमझेड झालं, आणि त्याच्या शर्यत विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. पैसा नाही, चांगला धातू मिळण्याची मारामार, माणसं मोजकी. त्यांनी लक्ष घातलं ते एक्झॉस्टमध्ये, म्हणजे धुराच्या पाइपमध्ये.

टू-स्ट्रोकची अडचण अशी, की जळका धूर बाहेर जाताना पेट्रोल-हवेचं नवं मिश्रणही त्याच्याबरोबर निसटतं. धुराचा दाब लाटेसारखा पाइपमधून धावतो. पाइप पुढे रुंद होत गेला तर उलट फिरलेली लाट सिलिंडरमधून उरलासुरला धूर ओढून काढते, वर थोडं नवं मिश्रणही बाहेर खेचते. त्यापुढे पाइप पुन्हा निमुळता केला, तर दुसरी लाट घाटात मारलेल्या हाकेसारखी परत येते आणि सिलिंडरचं धूर सोडणारं तोंड (पोर्ट) बंद होण्याच्या आत ते निसटलेलं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. सगळा खेळ वेळेचा. लांबी थोडी चुकली की लाट उशिरा येते. जमलं तर ठरावीक आरपीएमला इंजिन एकदम उसळतं. असा पाइप काडेन यांच्या आधीही करून पाहिला गेला होता, पण ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्या लाटा बघून, मोजून, त्याला रोटरी डिस्क व्हॉल्व्हची, म्हणजे मिश्रण आत सोडणाऱ्या फिरत्या चकतीची जोड देऊन हे शास्त्र पक्कं केलं ते त्यांनी. 1961 मध्ये त्यांच्या 125 सीसीच्या इंजिनाने 25 अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे 200. सुपरचार्जरशिवाय, म्हणजे इंजिनात हवा दाबून न भरता, तोवर कुणीही तिथे पोचलं नव्हतं. आरएक्स 100 ची अश्वशक्ती 11 होती, आणि ती आली 1985 मध्ये.

त्याच 1961 च्या सप्टेंबरात घात झाला. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. काडेन यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर 125 सीसी गटाच्या विश्वविजेतेपदासाठी गुणांत पुढे होता. स्वीडनला क्रिस्तियानस्टाडच्या शर्यतीत त्याचं इंजिन बिघडलं, आणि शर्यतीनंतर डेग्नर परतलाच नाही. त्याची बायको आणि मुलं मोटारीच्या डिकीत लपून सीमेपलीकडे आली. विजेतेपद होंडाच्या टॉम फिलिसला मिळालं. डेग्नर काडेन यांचं ज्ञान घेऊन सुझुकीकडे गेला, आणि पुढच्याच वर्षी 50 सीसीत विश्वविजेता झाला. टू-स्ट्रोकचं ते पहिलं विश्वविजेतेपद. 1964 मध्ये यामाहाने 250 सीसीचं मिळवलं.

बायकामुलांसाठी देश सोडणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवरच्या वळणाला डेग्नरचं नाव आहे आणि काडेन हे नाव आपल्याकडे आरएक्सला चेंबर, म्हणजे असाच पाइप, बसवणाऱ्या पोरांच्या कानावरही पडलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ते चेंबर त्यांचंच देणं आहे. हाताशी इतकं ज्ञान असताना ते आपल्या डोंगरातच राहिले. 1996 मध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आउगुस्टुसबुर्ग. टेकडीवरचा सोळाव्या शतकातला प्रचंड राजवाडा आणि आत 1961 पासूनचं मोटरसायकल संग्रहालय. यावर वेगळं लिहावं लागेल, इतकं तिथे आहे.

तिथून पश्चिमेला होहेनश्टाइन-एर्न्स्टथालकडे, म्हणजे जुन्या झाक्सेनरिंग या शर्यतींच्या ट्रॅककडे. आजचा ट्रॅक बंदिस्त आहे. जुना मात्र सुमारे पावणेनऊ किलोमीटरचा, गावातून आणि शेतांमधून जाणारा साधा रस्ता होता, आणि त्याचा बराच भाग आजही वाहतुकीला खुला आहे. त्यावरून मी गाडी हळू चालवली, पुन्हा वळून आणखी एकदा चालवली. 1971 मध्ये इथे 250 ची शर्यत पश्चिम जर्मनीच्या डीटर ब्राउनने जिंकली, यामाहाच्या टू-स्ट्रोकवर. पश्चिमेचं राष्ट्रगीत वाजलं, आणि पूर्व जर्मनीचे हजारो प्रेक्षक उभे राहून ते गायले. 1972 नंतर पूर्व जर्मनीत विश्वविजेतेपदाची शर्यत झाली नाही. झाक्सेनरिंगला ती परतली थेट 1998 मध्ये.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना सांगतो, जायचं तर ऑटोबान टाळा आणि चेक बाजूने घाट चढून नदीबरोबर उतरा. गाडी कोणतीही चालेल. आउगुस्टुसबुर्गला किमान अर्धा दिवस द्या. तिथे दर जानेवारीत बर्फात मोटरसायकलवाल्यांचा मेळा भरतो, साइडकार जोडलेल्या जुन्या एमझेड घेऊन लोक लांबलांबून येतात. येत्या जानेवारीत मी तिथे असेन. कुणी येणार असेल तर कळवा, बरोबरच निघू.