भाचीचा पीसी
आज लातूरला भाचीच्या पीसीचे पार्ट ठरवले. तिला कोडिंग शिकायचंय, बजेट बेताचं. दुकानदार ग्राफिक्स कार्ड घ्याच म्हणत होते. मी नको म्हटलं. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, ६ कोर, १२ थ्रेड. शिकायला भरपूर झालं. फक्त ते ग्राफिक्स रॅमच वापरतं, म्हणून १६ जीबीची एकच स्टिक न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. ड्युअल चॅनलनं, म्हणजे दोन स्टिक एकत्र चालल्यानं, खरंच फरक पडतो.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र मी अडून बसलो. कॅबिनेटसोबत येणारा स्वस्तातला नकोच! उन्हाळ्यात आपल्याकडं व्होल्टेज कसं वर-खाली होतं, माहितीये ना. कार्डाचे वाचलेले पैसे तिकडं घातले.

पोरगी प्रत्येक खोका उलटून वाचत होती, प्रश्नावर प्रश्न. लई भारी वाटलं. मॉनिटर पुढच्या महिन्यात, तोवर टीव्हीला एचडीएमआय लावू.