तुम्ही नाही गेलात तर कुणाला कळणार आहे?

ज्येष्ठ लागला की कुणी ना कुणी विचारतंच, "वारीला लाखो माणसं असतात. त्यात एकटे तुम्ही नाही गेलात तर कुणाला कळणार आहे?" माझ्या गुडघ्यांच्या काळजीनंच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्या डाव्या-उजव्या हाताच्या टाळकऱ्यांना कळेल. बाकी कुणाला नाही, आणि मला तेवढं पुरतं.

मी साधा टाळकरी. कीर्तन करत नाही, पखवाज येत नाही, विणा कधी गळ्यात आली नाही. टाळाची दोरी बोटांना गुंडाळलेली असते. घामानं भिजली की ती काचते, दिवेघाट चढेपर्यंत तिथली कातडी सोलवटते. त्या चढावर धाप लागून चरण अर्ध्यात सुटतो. शेजारचा तो पुढे नेतो, दम आला की मी पुन्हा धरतो. अभंग काही तुटत नाही. घरात, नोकरीत सगळं आपल्यावाचून अडतं असं मानून मी जन्मभर वावरलो. ते ओझं त्या घाटात उतरतं.

पण म्हणून तिथं एकट्यादुकट्याला किंमत नाही असं समजू नका. माउलींच्या सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, त्यामुळे सोहळ्यातही लष्करी शिस्त आली: रथापुढच्या २७ दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीची जागा ठरलेली. संध्याकाळी मुक्कामी तळावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्यांचे टाळ एकदम वाजत असतात. सोहळ्याची शिस्त राखणारे चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंचावतात, 'हो'ची आरोळी देतात आणि तो एवढा नाद जागच्या जागी थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार स्वतः तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याचं पुकारतात. आरती त्यानंतर. एवढा मोठा समाज एका दिंडीच्या गाऱ्हाण्यासाठी उभा राहतो, हे दर वेळी पाहून माझा ऊर भरून येतो.

दर्शन तरी होतं का, हेही विचारता. आषाढीला पददर्शनाची रांग फार लांबते. आमच्यातले बरेचजण चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, कळसाला हात जोडतात आणि गाडी धरतात. मीही तसाच परततो. दर्शन राहिलं असं कधी वाटलं नाही.